सोळा जीबीचे अंथरूण



ऑक्टोबर २०२४ च्या कार्यकारिणीच्या सभेत मी एक प्रस्ताव मांडला होता. मंडळाचा सर्व्हर अपुरा पडतो आहे, तेव्हा ६४ जीबी मेमरीचा नवा घ्यावा, खर्च साधारण १,१०० डॉलर. पैसे मराठी शाळेच्या पुस्तकनिधीतून तात्पुरते घ्यावेत, असेही मीच सुचवले होते. तीन आठवड्यांनी तो प्रस्ताव मी स्वतःच मागे घेतला. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "काय गं, त्या सर्व्हरचं काय झालं? पैसे नकोत असं कोण म्हणतं का कधी?" प्रत्येकाला दारात उभे राहून सांगण्याऐवजी एकदाच लिहून टाकते. यात माझी चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत एका काकूंनी मोजली आहे, म्हणून हिशेब जाहीरच असावा.

आधी सर्व्हरची ओळख. आमच्या बेसमेंटमध्ये, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी एक काळी पेटी आहे. २०२१ साली एका सभासदांच्या ऑफिसने जुने संगणक मोडीत काढले, त्यातला एक त्यांनी मंडळाला आणून दिला. चार कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी. या पेटीत त्याहून जास्त मेमरी बसतच नाही. ४ टीबीच्या दोन डिस्क मी घातल्या. एकीवर जे लिहिले जाईल ते दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी शाबूत.

या एका पेटीत पाच संगणक नांदत होते. लिनक्समध्ये केव्हीएम नावाची सोय २००७ सालापासून आहे. तिच्यामुळे एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवता येतात. खऱ्या संगणकाला 'होस्ट' म्हणतात आणि पोटातल्यांना 'गेस्ट', म्हणजे आपले यजमान आणि पाहुणे. आमचे पाहुणे असे: पहिला, फोटो आणि ध्वनिमुद्रणे सांभाळणारा, ४ जीबी. दुसरा विंडोजचा, कारण आपल्या जमाखर्चाचा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही, ४ जीबी. तिसरा, मराठी शाळेच्या गृहपाठाचा, ३ जीबी. चौथा, मंडळाची वेबसाइट आणि वृत्ताचे जुने अंक, २ जीबी. पाचवा माझ्या प्रयोगांचा, २ जीबी. बेरीज १५. सोळातले पंधरा दिले, एक यजमानाला उरला, चांगले चालले आहे, अशी माझी समजूत. तीन वर्षे चाललेही.

आता घडले ते सांगते. सप्टेंबर २०२४, गणेशोत्सवाच्या आधीचा रविवार. मंडळाच्या संस्थापकांपैकी एक काका, जे आता आपल्यात नाहीत, त्यांच्या आठवणींची एक कॅसेट काकूंनी माझ्याकडे दिली होती. १९८६ साली त्यांच्या स्वयंपाकघरात कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांना बोलते केले होते. ९० मिनिटांची कॅसेट, दुसरी प्रत नाही. मी डेक लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपच्या डिस्कवर जागा नव्हती म्हणून ध्वनिमुद्रण सरळ सर्व्हरवर उतरेल अशी व्यवस्था केली आणि कुकर लावायला वर गेले.

परत आले तेव्हा टेप संपत आली होती आणि पडद्यावर संदेश होता की सर्व्हर सापडत नाही. पहिली अठरा मिनिटे तेवढी उतरली होती. हरकत नाही, पुन्हा लावू, म्हणून रिवाइंड केले, आणि डेकने टेप गिळली. जुन्या कॅसेटचे काय होते ते ज्यांनी पेन्सिल घालून टेप गुंडाळली आहे त्यांना सांगायला नको. मी टेप काढली, हाताने सरळ केली, दुसऱ्या कवचात भरली. बाकी सगळे वाचले. मधली सात मिनिटे मात्र चुरगळली ती चुरगळलीच. आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

सर्व्हरच्या नोंदवहीत एक ओळ सापडली. मेमरी संपली म्हणून यजमानाने एक प्रक्रिया मारून टाकली आहे, आणि ती प्रक्रिया म्हणजे ध्वनिमुद्रणांचा पाहुणा. लिनक्समध्ये ही शेवटची व्यवस्थाच आहे. मेमरीचा शेवटचा कण संपला की सगळेच ठप्प होण्यापेक्षा एकाचा बळी द्यायचा, आणि साधारणपणे जो सर्वांत जास्त मेमरी धरून बसला असेल त्याचा. तो काय करत होता याची चौकशी तिथे होत नाही.

मी लगेच निष्कर्ष काढला: मेमरी कमी आहे, जास्त मेमरीचा सर्व्हर घ्या. प्रस्ताव लिहिला. पुरावा म्हणून 'फ्री' या आज्ञेचे उत्तर जोडले. १६ जीबीपैकी वापरलेली जवळजवळ १५, मोकळी फक्त ३०० एमबी. कार्यकारिणीत कोणाला त्यातले काही कळले नाही, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. फक्त खजिनदार म्हणाले, "ती पंधरा कुठे कुठे गेली, त्याचं वाउचर आहे का?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र तो प्रश्न गाडीत माझ्या शेजारी बसून आला. मी रसायनशास्त्रज्ञ आहे. प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये किती ग्रॅम घातले आणि किती ग्रॅम निघाले याचा ताळा जमल्याशिवाय आम्ही पुढची ओळ लिहीत नाही. ताळा जमत नसेल तर आणखी रसायन मागवण्याआधी सांडले कुठे ते शोधतो. इथे मात्र ताळा न करता मी थेट शाळेच्या पुस्तकांच्या पैशांवर हात टाकला होता. दोन आठवडे मी फक्त मोजले. काही बदलले नाही.

पहिला धक्का 'फ्री'नेच दिला. मोकळी मेमरी कमी दिसणे हा मुळात आजारच नाही. रिकाम्या मेमरीचा काही उपयोग नसतो, म्हणून लिनक्स तिच्यात डिस्कवरून वाचलेल्या फायली ठेवून देतो आणि कोणाला गरज लागली की सोडून देतो. पाहायचा असतो तो 'अव्हेलेबल' हा शेवटचा रकाना. पण आमच्या पेटीत तोही फसवा होता. दोन डिस्कची जोडी मी झेडएफएस नावाच्या पद्धतीने बांधली आहे. झेडएफएस स्वतःचा वेगळा साठा ठेवतो, त्याला एआरसी म्हणतात. आणि हा साठा 'फ्री'च्या उत्तरात साठा म्हणून न दिसता 'वापरलेली' म्हणून दिसतो. मी सर्व्हर बसवला तेव्हाच्या नियमाप्रमाणे एआरसीला एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढायची मुभा होती. म्हणजे ८ जीबी. मी मर्यादा घातली नव्हती, कारण असा कोणी घरात राहतो हेच मी हिशेबात धरले नव्हते.

आता बेरीज करा. पाहुणे १५, एआरसी ८, यजमानाचा स्वतःचा खर्च दीड. साडेचोवीस. अंथरूण सोळाचे आणि पाय साडेचोवीसचे.

मग तीन वर्षे चालले कसे? पाहुण्याला ४ जीबी 'दिली' म्हणजे यजमान ती त्या क्षणी काढून देत नाही. पाहुणा ज्या ज्या कोपऱ्याला हात लावेल तेवढीच खरी मेमरी खर्ची पडते. पण पाहुणाही लिनक्सच. तोही रिकाम्या जागेत फायली साठवत जातो, आणि हळूहळू चारी कोपरे भरतात. नंतर त्याने आपल्या आत ती जागा मोकळी केली तरी यजमानाला कोणी कळवत नाही. तुमच्या घरी उतरलेला पाहुणा एकेका खोलीत पसरत जावा आणि खोली रिकामी केल्यावर किल्ली परत द्यायला विसरावा, तसे. विंडोजचा पाहुणा तर येतानाच सगळी जागा पुसून काढतो, म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्या त्याच्या नावावर.

एरवी पाचही पाहुणे एकदम घरात नसत. त्या रविवारी मात्र खजिनदारांनी वर्गणीच्या पावत्यांसाठी विंडोज सुरू केले होते, शाळेचा गृहपाठ चालू होता, आणि सकाळी प्रयोगाचे मशीन सुरू करून मीच ते बंद करायला विसरले होते. एआरसी दबाव आला की आवरते घेतो, पण दर वेळी पुरेशा वेगाने घेतो असे नाही. म्हणजे त्या दिवशी जे झाले ते मेमरी कमी असल्यामुळे झाले नाही. मी सढळ हाताने वाटून बसले होते, म्हणून झाले.

दोन आठवड्यांच्या मोजणीत दोन रविवार होते, म्हणजे शाळेची गर्दीही आली. ध्वनिमुद्रणांच्या मशीनची स्वतःची गरज, साठवलेल्या फायली सोडून, कधीही १.३ जीबीच्या वर गेली नाही. शाळेच्या मशीनला १.९ लागत होते. त्याचे कारण शोधले तर तिथेही मीच. पाने तयार करून देणारे वीस कामगार मी कायमचे उभे करून ठेवले होते, प्रत्येकी सुमारे ७० एमबी. कुठल्याशा मोठ्या संस्थेसाठी दिलेला आकडा मी तसाच उचलला होता. आपल्या शाळेत मुले २३, आणि एकाच क्षणी बटण दाबणारी फार तर तीन-चार. वेबसाइटला लागत होते ३०० एमबी. प्रयोगाच्या मशीनवर शेवटचा प्रयोग झाला होता २०२२ मध्ये.

पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली एक कल्पना मांडली, 'वर्किंग सेट'. प्रोग्रॅमकडे किती मेमरी आहे ते विचारू नका, अलीकडच्या काळात त्याने खरोखर किती मेमरीला हात लावला ते पाहा. तेवढी मिळाली तर काम सुरळीत चालते. त्याहून कमी पडली तर यंत्र कामापेक्षा डिस्कशी देवाणघेवाणच करत बसते. मी ज्याला गरज म्हणत होते ती माझी भीती होती. 'असू दे, लागलीच तर' म्हणून दिलेली प्रत्येक जीबी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडची होती.

मग काय बदलले ते क्रमाने सांगते. कोणाच्या घरी असा सर्व्हर असेल तर उपयोगी पडेल.

सर्वांत आधी एआरसीला २ जीबीची मर्यादा घातली. एकट्या या बदलाने ६ जीबीचा धोका गेला. वेग कमी होईल अशी भीती होती, पण आपल्याला फरक जाणवला नाही. कारण तीच फाइल पाहुणाही आपल्या मेमरीत ठेवतो आणि एआरसीही ठेवतो. एकच वस्तू दोन कपाटांत होती.

प्रयोगाचे मशीन बंद करून पुसून टाकले. ध्वनिमुद्रणांना ४ ऐवजी २ जीबी. शाळेचे वीस कामगार पाचावर आणले आणि मशीनला ३ ऐवजी २ जीबी दिली. विंडोजला ४ जीबीच ठेवली, कमी केली असती तर खजिनदारांनी मला ठेवले नसते. फक्त ते आता पावत्यांच्या दिवशीच सुरू होते आणि रात्री आपोआप बंद होते.

वेबसाइटचे मशीनच मोडले आणि तिला कंटेनरमध्ये हलवले. कंटेनर म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड नव्हे, यजमानाच्याच घरातली आडोसा घातलेली जागा. त्याला स्वतःचा कर्नल नसतो, आणि त्याने सोडलेली मेमरी थेट यजमानाला परत मिळते. वरची मर्यादा ७५० एमबी.

आणखी दोन सोयी सुरू केल्या. एक बलूनची. पाहुण्याच्या खोलीत यजमानाचा एक फुगा असतो. यजमानाला जागा हवी झाली की तो फुगा फुगवतो, पाहुण्याला आपले सामान आवरावे लागते, आणि फुग्याने व्यापलेली जागा यजमान दुसरीकडे वापरतो. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली एका निबंधात ही युक्ती मांडली होती. दुसरी सोय केएसएमची, लिनक्समध्ये २००९ पासून आहे. एकाच चाळीतल्या चार बिऱ्हाडांनी भिंतीवर तेच कालनिर्णय लावलेले असते. केएसएम मेमरीची ४ केबीची पाने ताडून पाहतो आणि हुबेहूब सारखी असतील तर एकच प्रत ठेवून बाकीची जागा सोडवतो. कोणी आपल्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहायला घेतला की त्याला तेवढ्यापुरते पान वेगळे काढून देतो. आपल्याकडे यातून सुमारे ४०० एमबी सुटतात. पण ही सोय एकाच घरच्या पाहुण्यांसाठी बरी. पेटीत परके भाडेकरू असतील तर बंद ठेवावी, कारण पान सामाईक आहे की नाही यावरून शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा अंदाज बांधता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: बलून आणि केएसएममधून वाचलेली मेमरी मी जमेच्या बाजूला धरलीच नाही. सामाईक पाने नेमकी कामाची गर्दी झाली की वेगळी होतात, म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी बचत नाहीशी. तो बोनस. बोनसवर घरभाडे ठरवू नये.

नवा ताळेबंद: यजमान १.५, एआरसी २, ध्वनिमुद्रणे २, शाळा २, वेबसाइट ०.७५, विंडोज ४, आणि मशीन चालवण्याचा वरखर्च अर्धा. एकूण १२.७५. सगळे एकाच वेळी पाय पसरून झोपले तरी सव्वातीन जीबी उरतात. खजिनदारांना हे वाउचर दिले. त्यांनी दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."

प्रस्ताव मागे घेतला. पुस्तकनिधी जागेवर आहे. तेव्हापासून आजपर्यंत नोंदवहीत ती ओळ पुन्हा उमटलेली नाही. नवा सर्व्हर कधीच लागणार नाही असे मी म्हणत नाही. फोटो वाढतील, शाळा वाढेल. पण तेव्हा मागणीसोबत हिशेब असेल.

राहिली ती सात मिनिटे. काकूंना सांगायला मी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी गेले आणि सगळे सांगितले. सर्व्हर बंद पडला असे म्हणून सुटता आले असते, पण तो बंद पडला नव्हता, मी पाडला होता. काकूंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "कुठली सात मिनिटं गं?" मी आधीचे आणि नंतरचे वाक्य ऐकवले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "म्हणजे पहिल्या गणपतीचं. मुंबईहून मूर्ती मांडीवर घेऊन आले होते विमानातून, ते. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत." आणि मग हसल्या. "ते नेहमी थोडं वाढवून सांगायचे. मी सांगते तसं लिहून घे, मी शेजारच्या सीटवर होते."

मी फोन काढला आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. अकरा मिनिटे झाली. काकांचा आवाज त्यात नाही, आणि तो येणार नाही. हे मला माहीत आहे, काकूंनाही.

तेव्हा मंडळी, कोणाकडे अशा कॅसेट असतील तर अवश्य आणून द्या. त्या आधी लॅपटॉपच्या डिस्कवर उतरतील, मी शेजारी बसून राहीन, आणि ऐकून खात्री झाल्यावरच सर्व्हरवर जातील. कुकर नंतर लावता येतो.